तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

या महिन्यात वजनावरच इतके प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी ठेवले. दिवाळीचा फराळ संपलाय, इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तो थंडीतला कंद) तळायला लागलेत आणि स्वेटर काढल्यावर तो पोटावर बसत नाहीये, त्यामुळे असेल. असो, सुरुवात सगळ्यात लांब पत्रापासून.

प्रश्न : ताई, मी सुदामा नगरमध्ये राहते, वय 49, उंची पाच फूट दोन इंच. दोन बाळंतपणं झाली तरी चाळीशीपर्यंत माझं वजन 58च्या वर कधी गेलं नव्हतं. गेल्या आठ वर्षांत ते 71 झालंय. रोज सकाळी पाऊण तास गार्डनमध्ये चालते, आम्ही पाच-सहा जणी असतो. पोळ्या चारच्या दोन केल्या, रात्रीचं जेवण बंद करून फक्त दूध आणि फळ घेते, तरी काटा हलत नाही. थायरॉईड तपासलं, नॉर्मल आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, रात्री घामाने जाग येते. जाऊबाई म्हणतात या वयात हे होणारच, सोडून दे. मिस्टर माझ्या दुप्पट खातात, त्यांना काही होत नाही. लग्नातल्या साड्यांचे ब्लाउज उसवून उसवून आता आत कापडच उरलं नाही. माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय का?

उत्तर : नाही हो ताई, बंद वगैरे काही पडलेलं नाही. हा शब्द हल्ली फार चालतो पण जरा शांतपणे बघू. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत सहा हजारांवर लोक त्यात होते. शरीर दिवसभरात किती ऊर्जा जाळतं ते मोजलं, तर स्नायूंचा-वजनाचा हिशेब लावल्यावर विशीपासून साठीपर्यंत ते जवळजवळ तेवढंच निघालं. उतरण लागते ती साठीनंतर, तीसुद्धा वर्षाला एका टक्क्यापेक्षा कमी. म्हणजे चाळिशीत कोणी येऊन आतली शेगडी बारीक करून जात नाही.

मग झालं काय? स्नायूंचा हिशेब लावल्यावर असं मी म्हटलं ना, मेख तिथेच आहे. तिशीनंतर वापरले नाहीत तर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण तीन ते आठ टक्के कमी होतात, आणि ते कळत नाही कारण त्यांच्या जागी चरबी येऊन बसते. आता तुमचाच हिशेब बघा, आठ वर्षांत 13 किलो म्हणजे महिन्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम. एवढ्यासाठी कोणाला ताट भरभरून खावं लागत नाही. मुलं मोठी झाली, शाळेत सोडायला जाणं थांबलं, वॉशिंग मशीन ऑटोमॅटिक आलं, वरच्या मजल्यावर जाण्याऐवजी फोनवर हाक मारायची, आणि ताटात मात्र तेवढंच, वर मुलांचं उरलेलं. उरलेलं संपवणं हा तर आपल्याकडे बायकांना दिलेला मानच आहे, टाकायचं कसं म्हणून अर्धी वाटी भात आणि एक पोळी उभ्या-उभ्या पोटात जाते आणि ती जेवणात धरायची नसते.

पाळी जाण्याच्या काळाचा वाटा आहे, जाऊबाई अगदीच चुकीच्या नाहीत. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47च्या आसपास जाते आणि तिच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे हार्मोन वर-खाली होत शेवटी खाली येतं. त्याने एकूण वजन वाढण्याचा वेग फार बदलत नाही, पण चरबीचा वेग वाढतो, स्नायू घटतात आणि जी चरबी मांड्यांवर-कमरेवर जायची ती पोटावर जायला लागते. त्यात घामाने झोपमोड, आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त, तीही गोड-तळलेल्याची. हे खरं आहे. पण ‘होणारच, सोडून दे’ हे मला मान्य नाही.

मी स्वतः पंचवीस वर्षं दवाखान्यात लोकांना डाएटचे कागद लिहून दिले आणि 47व्या वर्षी माझं वजन अकरा किलो वाढलेलं होतं, हे आता सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. मला ते काट्यावर कळलं नाही. लोकमान्य नगरला एका घरी हळदीकुंकवाला गेले होते, खाली सतरंजीवर बसलो, वाण घेतलं, आणि उठायच्या वेळी मला उठताच येईना. एक हात जमिनीवर, एक हात शेजारणीच्या खांद्यावर, वाणाचं ताटलं तिसरीकडे. सगळ्या हसल्या, मीही हसले, पण घरी येऊन खुर्चीवर बसून हात न टेकवता उठून बघितलं तर चौथ्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी इतकी वर्षं लोकांच्या कॅलरी मोजत बसले आणि माझे पाय कधी गेले तेच बघितलं नाही.

म्हणून तुमच्या चालण्याबद्दल जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. पाच-सहा जणी गप्पा मारत पाऊण तास आरामात चाललात तर तुमच्या वजनाला दीडशे-पावणेदोनशे कॅलरी जातात. छान आहे, मैत्रिणी असतात, मन मोकळं होतं, अजिबात बंद करू नका. पण गार्डनमधून निघताना कोपऱ्यावर पोहे खाता की नाही, खरं सांगा? इंदूरचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात तेल त्या मानाने कमीच, ते बिचारे बदनाम आहेत. मामला आहे तो वरच्या सेवेचा आणि शेजारच्या जलेबीचा. शंभर ग्रॅम सेवेत साधारण साडेपाचशे कॅलरी असतात, म्हणजे एक मूठ सेव जवळजवळ दोन फुलक्यांइतकी झाली, आणि आपल्याकडे सेव कोणी मोजून घालतं का? पोह्यावर सेव, वरणात सेव, भाजीला काही नसलं तर सेवेचीच भाजी. पाऊण तासाचं चालणं तिथेच फिटलं.

चालताना मधली दहा-दहा मिनिटं एवढ्या जोरात चाला की बोलता येईल पण गाता येणार नाही. आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना काम द्या, याला पर्याय नाही. जिमच हवी असं नाही (मला एका जिमने वर्षाचे पैसे आधी घेऊन पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडरचा डबा विकायला काढला होता, तिथे मी परत गेले नाही). स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून दंड काढा, दहा-दहाचे दोन फेरे. खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा, दहापासून सुरू करा. पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दोन किलो, त्या डोक्यावर उचला. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या. महिनाभराने बाटल्या हलक्या वाटतील तेव्हा वजन वाढवा, नाहीतर स्नायूंना कळतच नाही की आपल्याला वाढायचंय.

आता रात्रीचं जेवण. ते बंद केलंत पण संध्याकाळी सहा ते आठ काय होतं ते पत्रात नाहीये. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक बाईचं हे असायचं, रात्री जेवत नाही हो मॅडम, आणि सहा वाजता चहा, दोन खारी, मूठभर मिक्चर, स्वयंपाक करताना चव बघणं, मग साडेआठला ‘फक्त’ दूध-केळं. पोळ्या कमी करून तुम्ही जे काढलंत त्याबरोबर प्रोटीनही गेलं, आणि स्नायू टिकवायला तर तेच लागतं. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन घ्यायला आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था सांगते, म्हणजे तुम्हाला पन्नास-साठ ग्रॅम. तीस ग्रॅम कोरडी डाळ शिजवली की सात ग्रॅम, वाटीभर दही सहा-सात, एक अंडं सहा, मूठभर फुटाणे सहा, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास. पातळ वरणाचे दोन चमचे भातावर घेतले की डाळ खाल्ली असं होत नाही ताई. संध्याकाळी सातला नीट जेवा, घट्ट डाळ, भाजी, एक-दोन फुलके, दही, आणि मग स्वयंपाकघराचा दिवा बंद करा.

आणि तेल. आज नवीन डबा उघडाल तेव्हा त्यावर मार्करने तारीख लिहा, बाकी काही करू नका. वरून घेतलं जाणारं तेल-तूप दिवसाला माणशी वीस ते तीस ग्रॅमच्या आत असावं असं मार्गदर्शन आहे. घरात तिघं असाल आणि पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज पन्नास ग्रॅम तेल जातंय, म्हणजे दुप्पट, आणि तूप तर अजून धरलंच नाही. जास्तीचे पंचवीस ग्रॅम म्हणजे सव्वादोनशे कॅलरी, दररोज, न दिसणाऱ्या. मी स्वतः लिहिली तारीख, आमच्या घरी दोन माणसांत तो डबा बेचाळीस दिवसांत संपला, मी चाटच पडले, कारण मी स्वतःला कमी तेलवाली समजत होते. मग कढईत डब्यातून सरळ ओतणं बंद केलं, चमच्याने घालायला लागले. पहिल्या आठवड्यात भाज्या कोरड्या लागल्या, घरात जरा कुरकुर झाली, नंतर जमलं. तोच डबा आता तीन महिने जातो.

दाल-बाफले (डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे) रविवारी असतील तर खा, पण बाफला तुपात बुडवून ठेवायचा की वरून चमचाभर घालायचं एवढं तरी आपल्या हातात असतं. आणि श्रावणातले उपवास वजन उतरवायला धरत असाल तर साबुदाणा-शेंगदाणे-बटाटा या त्रिकुटाकडून काही अपेक्षा ठेवू नका.

टारगेट 58चं ठेवू नका. 71च्या पाच-सात टक्के, म्हणजे चार-पाच किलो, सहा महिन्यांत. कमी वाटतं ना? पण प्रीडायबिटीस (म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावरची शुगर) असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठी ट्रायल झाली होती, 2002मध्ये तिचे निकाल आले, सात टक्के वजन कमी आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम एवढंच टारगेट दिलं होतं, आणि डायबिटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. काट्यापेक्षा टेप जास्त खरी बोलते. कमर बेंबीच्या आसपास श्वास सोडून मोजा, आपल्या बायकांना 80 सेंटिमीटरच्या आत हवी. महिन्यातून एकदाच मोजा, रोज नाही.

थायरॉईड झालंय, आता एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), बी-ट्वेल्व्ह आणि लिव्हरचं एकदा करून घ्या. घामाचा आणि झोपेचा त्रास गायनॅकला सांगा, त्यावर उपचार आहेत, सहन करायचं काही बक्षीस नसतं. आणि हे लक्षात ठेवा, पाळी पूर्ण बारा महिने बंद राहिल्यावर परत डाग जरी दिसला तरी लगेच दाखवायचं, वाट बघायची नाही.

मिस्टरांबद्दल : पुरुषांचे स्नायू जास्त म्हणून ते जाळतातही जास्त, हे आहेच. पण त्यांना काही होत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? त्याच टेपने त्यांचंही पोट मोजा. मग पुढचं पत्र त्यांना वाचायला द्या.

प्रश्न : वय 54, उंची पाच आठ, वजन 78. हातपाय बारीक आहेत, फक्त पोट आहे, कमर 102 सेंटिमीटर. ऑफिसला कारने जातो, दिवसभर खुर्ची. आठवड्यातून दोनदा मित्रांबरोबर रात्री सराफा होतोच. बायको म्हणते घोरणं फार वाढलंय, दुपारी मीटिंगमध्ये डोळा लागतो. ऑफिसमधल्या एकाने वजनाचं इंजेक्शन सुरू केलं, तीन महिन्यांत आठ किलो उतरला. मी घेऊ का? मेडिकलवाला ओळखीचा आहे, देतो म्हणाला.

उत्तर : भिया, मेडिकलवाला ओळखीचा आहे हे वाचूनच मला घाम फुटला. ते इंजेक्शन प्रिस्क्रिप्शनशिवाय घ्यायचं नाही, हे आधी.

सेमाग्लुटाइड, तिर्झेपाटाइड ही औषधं खोटी नाहीत. मार्च 2025मध्ये मौंजारो (म्हणजे तिर्झेपाटाइड) आपल्याकडे आलं, पाठोपाठ वेगोवी (म्हणजे सेमाग्लुटाइड), तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतही हाच विषय. भूक कमी होते, पोट हळू रिकामं होतं, वजन खरंच उतरतं. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतं, डोस हळूहळू वाढवावा लागतो, घरात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर चालत नाही, आणि स्वादुपिंडाला आधी सूज येऊन गेली असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. शिवाय बंद केलं की बहुतेकांचं वजन बरंचसं परत येतं आणि उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, तुमचे हातपाय तर आधीच बारीक आहेत. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. गरज आहे की नाही ते मित्राच्या आठ किलोंवरून नाही ठरत.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 26 आहे, आपल्या भारतीयांसाठी 23च्या वर जास्त वजन आणि 25च्या वर लठ्ठपणा धरतात, गोऱ्यांचे आकडे आपल्याला लागू नाहीत. कमर 90च्या आत हवी, तुमची 102. बारीक हातपाय आणि पुढे पोट हा आपल्याकडचा ठरलेला साचा आहे आणि शुगर, फॅटी लिव्हर, हार्ट सगळं त्याच्याच मागे लागतं.

पण मला वजनापेक्षा तुमचं घोरणं खटकलं. घोरणं आणि दुपारी बसल्या जागी डोळा लागणं हे दोन्ही असेल तर झोपेत श्वास अडकत असू शकतो, स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला. फिजिशियनना हे सांगा, झोपेची टेस्ट करून घ्या, बीपी आणि शुगरही बघा. कारने ऑफिसला जाताना डोळा लागला तर सगळंच राहिलं.

सराफा मी बंद करा म्हणणार नाही, मी स्वतः इंदूरची आहे, सोन्याच्या दुकानांची शटरं पडून कढया चढायला लागल्या की माझाही जीव खाली-वर होतो. पण तुम्ही लोक घरी जेवून मग सराफ्यात जाता, हे चुकतंय. साडेअकराला भुट्ट्याचा कीस, मग गराडू, मग कोणीतरी जलेबा (ती भलीमोठी जलेबी) आणतं, वर शिकंजी. आणि आपली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नाही, दूध-सुकामेवा आहे, एक ग्लास म्हणजे एक जेवण. जायचंच असेल तर जेवण तिथेच, एकच पदार्थ तळलेला, गोड चौघांत एक, आणि गाडी राजवाड्याच्या जवळ न लावता लांब लावून चालत या-जा. पंधरवड्यातून एकदा केलंत तर जास्त मजा येईल.

प्रश्न : रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळते का? एक वर्ष घेतेय.

उत्तर : नाही. एका चमचा मधाच्या वीसेक कॅलरी उलट वाढतात. कोमट पाणी आवडत असेल तर प्या, लिंबूही पिळा. दात आंबत असतील तर तेही नको.

प्रश्न : मी 74 वर्षांची, रामबागेत मुलगा-सुनेजवळ राहते. सून कामाची आहे, प्रेमळ आहे, पण तिने मोबाईलवर काही बघून घरातली सेव, तूप, भात सगळं बंद केलं. माझं वजन 63 आहे, ती म्हणते 55 करायचं. गेल्या दोन महिन्यांत मी 4 किलो उतरले पण जिना चढताना धाप लागते आणि हातात बादली उचलवत नाही. तिला वाईट वाटू न देता काय सांगू?

उत्तर : आजी, सूनबाईंना हे पान वाचायला द्या, वाईट मी सांगते. सूनबाई, तुमचा हेतू चांगला आहे पण पन्नाशीचा नियम चौऱ्याहत्तरीला लावायचा नाही. या वयात उपाशी ठेवून उतरवलेल्या चार किलोंत स्नायू किती आणि चरबी किती कोण जाणे, आणि बादली उचलवत नाही म्हणजे उत्तर बरंचसं समोरच आहे. आजी पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं तर ते 63 किलोंपेक्षा फार महागात जातं.

पण फक्त जेवणावर ढकलून मोकळंही होऊ नका. दोन महिन्यांत चार किलो आणि धाप, हे दोन्ही असल्यावर या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड, ईसीजी एवढं तरी झालं पाहिजे. पायांवर सूज असेल किंवा झोपल्यावर धाप वाढत असेल तर आठवडासुद्धा थांबू नका.

तोवर भात सुरू करा, घट्ट वरण आणि चमचाभर तूप घालून. सकाळी एक ग्लास दूध, दुपारी वाटीभर दही, अंडं चालत असेल तर रोज एक. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी घ्यायची आणि दूध-चहा त्यानंतर अर्धा-पाऊण तासाने, कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब. डॉक्टरांनी हो म्हटलं की खुर्चीला धरून उठ-बस, रोज पाच वेळा, कोणीतरी जवळ उभं राहून.

आणि सेव. पोह्यावर चिमूटभर द्या हो आजींना, इंदुरात सेवेशिवाय पोहे म्हणजे काय जेवण झालं का. बरणी मात्र सूनबाईंच्याच कपाटात राहू द्या, आजी, तुमच्या पत्रावरून तुम्ही चिमटीवर थांबणाऱ्या वाटत नाही.